बंबापासून हीट पंपापर्यंत

गेल्या हिंवाळ्यांतील गोष्ट. नाताळच्या सुटीस आठ दिवस राहिले होते. शाळा सुटल्यावर आम्ही वह्या तपाशीत बसलों असतां नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीचे वडील तिला बरोबर घेऊन दाराशीं उभे राहिले. वेल्हें भागांत धरणाच्या फुगवट्याच्या कांठीं जे अनेक बंगले अलीकडे उठले आहेत, त्यांपैकीं एकावर ते राखणदार आहेत. बंगल्यास पोहण्याचा तलाव आहे, आणि थंडींत येणाऱ्या पाहुण्यांकरितां त्या तलावाचें पाणी तापविण्याचें यंत्रही बसविलेलें आहे. त्यांनीं खिशांतून घडी घातलेला एक छापील कागद काढला व तो आमच्यापुढें ठेवून ते म्हणाले, "सर, मशीन बंद पडलंया. मालक म्हणत्यात, तूच कायतरी बिघडवलंस. दोन दिसांचा रोज कापलाय. ह्या कागदावर काय लिवलंय, तेवढं सांगा."

आम्हीं कागद हातीं घेतला. वीस वर्षें मुलांस विज्ञान व इंग्रजी शिकवीत असल्यामुळें त्यावरील एकूण एक शब्द आम्हांस वाचतां आला. परंतु वाचणें निराळें आणि समजणें निराळें, याचा प्रत्यय लगेच आला. यंत्राच्या पडद्यावर ‘नो फ्लो’ अशीं अक्षरें उमटत होतीं, असें त्यांच्या मुलीनें सांगितलें. ‘फ्लो म्हणजे प्रवाह, प्रवाह नाहीं असें यंत्र म्हणतें,’ असा अर्थ आम्हीं मोठ्या खात्रीनें केला. त्यावर ते गृहस्थ शांतपणें म्हणाले, "पर पानी तर वाहतंया की, सर. मी डोळ्यांनी बघतोय." आमचें ज्ञान तेथें संपलें. आम्हांस शब्द ठाऊक होता पण वस्तु ठाऊक नव्हती. त्यांस वस्तु ठाऊक होती पण शब्द ठाऊक नव्हता. पुढच्या शनिवारीं दुपारीं आम्ही त्यांच्याबरोबर तें यंत्र पाहावयास गेलों. त्या दिवशीं व त्यानंतर जें कांहीं शिकलों, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें क्रमानें मांडीत आहों. भोर व वेल्हें या भागांतील पुष्कळ घरांतील माणसें आज अशा बंगल्यांवर व विश्रामस्थानांवर कामास आहेत. आणि ज्यांच्या घरीं तलाव नाहीं, त्यांच्याही न्हाणीघरांत पाणी तापविण्याचें कांहीं ना कांहीं साधन असतेंच.

उष्णता व तापमान.— हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, अशी पुष्कळांची समजूत असते. चुलीवरील आधणाचा एक पेला घ्या, आणि शेजारीं ऊन पाण्यानें भरलेलें एक घंगाळ ठेवा. पेल्यांतील पाण्याचें तापमान निःसंशय अधिक. परंतु पाणी थंड होईपर्यंत त्यांतून जी एकंदर उष्णता बाहेर पडेल, ती घंगाळांतून कितीतरी पट अधिक असेल. तापमान म्हणजे उष्णतेची पायरी, आणि उष्णता म्हणजे तिचा सांठा. आपल्या भाषेनें तापमानाच्या पायऱ्या पूर्वींपासून पाडून ठेवलेल्या आहेत: गार, कोमट, ऊन, कढत आणि आधण. यंत्र हेंच काम अंशांनीं करतें. आपल्या शरीराचें तापमान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें. पोहण्याच्या शर्यतींच्या तलावांतील पाणी २५ ते २८ अंश असावें, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे आपल्या बोलींत तें कोमटाच्याही अलीकडचें. बसून अंग शेकावयाच्या लहान कुंडास स्पा म्हणतात. त्याचें पाणी ४० अंशांपलीकडे जाऊं देऊं नये, अशी मर्यादा सांगतात.

उष्णतेचीं मापें.— एक लिटर पाण्याचें तापमान एक अंशानें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. विजेच्या बिलांतील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. त्यापासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. वीस लिटरांची एक बादली २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापविण्यास ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित् कमी वीज लागेल. यंत्रांवर आणखी एक माप आढळतें, तें म्हणजे बी. टी. यू. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापविणारी उष्णता ती एक बी. टी. यू.; ती सुमारें पाव किलोकॅलरी भरते. एक किलोवॅट म्हणजे ताशीं ३,४१२ बी. टी. यू. एवढा हिशेब लक्षांत ठेवला, कीं दोन निरनिराळ्या यंत्रांवरील आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येतात.

आतां तलावाचें गणित करूं. दहा मीटर लांब, पांच मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल अशा तलावांत ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावतें. तें २३ अंशांवरून २८ अंशांवर न्यावयाचें, तर ३,७५,००० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. विजेच्या भाषेंत ४३६ युनिटें. आपल्या न्हाणीघरांतील दोन किलोवॅटचा गीझर या कामास लावला, तर वाटेंत कांहींही उष्णता वायां न जातां देखील त्यास २१८ तास, म्हणजे नऊ दिवस लागतील. ‘मालकांनीं सकाळीं फोन केला, आणि दुपारपर्यंत तलाव तापवून ठेव म्हणाले’ अशी तक्रार त्या राखणदारांनीं केली होती. हें गणित त्यांच्या मुलीनेंच तेथें बसून सोडविलें, तेव्हां त्या आज्ञेंत काय चूक होती, तें आम्हां तिघांसही एकदम कळलें.

बंब.— कोणतेंही नवें यंत्र समजून घ्यावयाचें असेल, तर घरांतील जुन्या यंत्रापासून आरंभ करावा. तांब्याचा बंब आतां पुष्कळ घरांतून माळ्यावर गेला आहे. तथापि पुण्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत तांबें ठोकण्याचा आवाज अद्यापि ऐकूं येतो. बंब म्हणजे तांब्याचें एक उभें पिंप. त्याच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत एक नळकांडें गेलेलें असतें. नळकांड्याच्या तळाशीं जाळी असते, तीवर कोळसे, गोवऱ्या अथवा लांकडाच्या ढलप्या पेटवावयाच्या. धूर वर जातो, राख खालीं पडते, आणि नळकांड्याच्या भोंवतालचें पाणी तापतें. विस्तव पाण्यास कधींही शिवत नाहीं. दोहोंमध्यें तांब्याचा पातळ पत्रा असतो, आणि उष्णता तेवढी त्यांतून पलीकडे जाते. या मधल्या पत्र्यासच आजचे कारागीर हीट एक्स्चेंजर म्हणतात. एवढा मोठा शब्द, पण वस्तु आपल्या आजीच्या ओळखीची!

या शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. बंब हा शब्द पोर्तुगीज भाषेंतील ‘बोंबा’ या शब्दावरून मराठींत आला, असें मानतात. आणि बोंबा म्हणजे पंप. म्हणूनच आग विझविणाऱ्या पाण्याच्या यंत्रासही आपण आगीचा बंबच म्हणतों. पुढें आपण ज्या हीट पंपाचें वर्णन करणार आहों, त्याचें नांव ऐकून कोणी बिचकूं नये. पंप आपल्या न्हाणीघरांत फार पूर्वींच येऊन बसलेला आहे.

पाण्याचा मार्ग.— तलावाचें पाणी तलावांतच तापवीत नाहींत. तें नळानें बाहेर काढून, स्वच्छ करून, तापवून पुन्हां तलावांत सोडतात, आणि हें चक्र तासन्‌तास चालतें. पृष्ठभागावरील पानें व कचरा ओढून घेणारी जी कांठावरची खिडकी, ती स्किमर. पंपाच्या तोंडाशीं जाळीची टोपली असते, तिला स्ट्रेनर म्हणतात. विहिरींत सोडलेल्या नळाच्या टोंकास आपले शेतकरी जी जाळी बसवितात, तिचेंच हें भावंड. त्यापुढें पंप, पंपाच्या पुढें वाळूची गाळणी म्हणजे सँड फिल्टर, आणि त्याच्यापुढें हीटर. जंतु मारणारें क्लोरीन पाण्यांत मिसळण्याचें साधन हीटरच्याही पुढें बसवितात, कारण तीव्र क्लोरीन हीटरमधून गेलें तर तें आंतील धातु खाऊन टाकतें. नळांतील पाणी उलट दिशेस जाऊं नये म्हणून एकाच बाजूस उघडणारी जी झडप असते, ती नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हीटरास वळसा घालून पाणी परस्पर पुढें नेणारी वाट ती बायपास; उन्हाळ्यांत पाणी तापवावयाचें नसेल, किंवा यंत्र दुरुस्त करावयाचें असेल, तेव्हां पाटाचें दार फिरवावें तसें पाणी या वाटेनें वळवितात.

तीन पहारेकरी.— बंबांत पाणी नसतां विस्तव घालूं नये, हें आपल्या घरीं सर्वांस ठाऊक असतें. कोरडा बंब पेटविला तर सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळूं लागतो. म्हणून घरांतील जाणतें माणूस आधीं बंबावर टिचकी मारून आवाज ऐकतें, मगच काडी ओढतें. यंत्रास टिचकी मारतां येत नाहीं. त्याच्याकरितां नळांत एक लहान पट्टी बसविलेली असते. पाण्याचा पुरेसा जोर आला कीं ती वांकते व यंत्रास चालूं होण्याची परवानगी देते. हा फ्लो स्विच. कांहीं यंत्रांत पट्टीऐवजीं पाण्याचा दाब मोजणारा प्रेशर स्विच हेंच काम करतो. दुसरा पहारेकरी थर्मोस्टॅट. पाणी ठरविलेल्या अंशांवर पोंचलें कीं तो यंत्र थांबवितो, व तें निवलें कीं पुन्हां चालूं करतो. आपण ठरवून दिलेल्या अंशांस सेट पॉइंट म्हणतात. तिसरा हाय लिमिट. थर्मोस्टॅट बिघडला व पाणी वाजवीपेक्षां अधिक तापूं लागलें, तर हा शेवटचा रखवालदार सर्व बंद करून टाकतो. तो वारंवार यंत्र बंद करूं लागला, तर त्याला चुकवून यंत्र चालविण्याचा प्रयत्न कोणीही करूं नये. ओरडणारा पहारेकरी बांधून ठेवला, तर चोर पळून जात नाहीं.

आतां आमच्या राखणदारांच्या कोड्याचा उलगडा सहज होईल. पाणी वाहत होतें, हें त्यांचें म्हणणें खरें. आणि प्रवाह नाहीं, हें यंत्राचें म्हणणेंही खरें. पाणी वाहत होतें, पण पट्टी वांकविण्याइतका जोर त्यास नव्हता. गाळणीवर दाब दाखविणारी एक तबकडी असते. तिचा कांटा नेहमींच्या जागेवरून बराच वर चढलेला आहे, हें त्यांनींच दाखविलें. कोरड्या वाऱ्याबरोबर आलेली धूळ व पानांचा चुरा वाळूंत बसून गाळणी तुंबली होती. पंप मागून रेटीत होता आणि पुढें पाणी कमी जात होतें. गाळणींतून पाणी उलट दिशेनें सोडून तिच्यांतील घाण बाहेर घालविण्याच्या क्रियेस बॅकवॉश म्हणतात. पंप थांबवून त्यांनीं गाळणीचा दांडा त्या खुणेवर फिरविला व पंप पुन्हां सुरू केला. बाहेर पडणारें पाणी गढूळ होतें, तें थोड्या वेळानें निवळलें. दांडा पूर्ववत् करतांच तबकडीचा कांटा खालीं आला, आणि यंत्र आपोआप सुरू झालें. यंत्र बिघडलें नव्हतेंच. तें आपल्या पहारेकऱ्याचें ऐकून थांबलें होतें.

वायूवर चालणारा हीटर.— हा बंबाचा थेट वंशज. कोळशाच्या जागीं बर्नर, नळकांड्याच्या जागीं तांब्याच्या नळ्यांचें वेटोळें, आणि धूर बाहेर नेणारें धुराडें, ज्यास फ्ल्यू म्हणतात. याच्या पाटीवर दोन आंकडे असतात. इनपुट म्हणजे जळणांतून यंत्रास मिळणारी उष्णता, आणि आउटपुट म्हणजे त्यांपैकीं प्रत्यक्ष पाण्यास पोंचणारी उष्णता. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें कीं यंत्राची कार्यक्षमता निघते. शंभर किलोकॅलरींपैकीं ऐशीं पाण्यास मिळाल्या, तर कार्यक्षमता शेंकडा ८०. उरलेल्या वीस धुराड्यांतून आकाशांत जातात. अशा यंत्रावर वरील तलाव पांच अंश तापविण्यास सुमारें साडेबेचाळीस किलो एल. पी. जी. लागेल, म्हणजे घरगुती स्वयंपाकाच्या तीन सिलिंडरांत मावतो तेवढा. धुराबरोबर जाणारी उष्णताही पकडणारें जें अधिक महाग यंत्र निघालें आहे, त्यास कंडेन्सिंग हीटर म्हणतात. आपल्या चुलीस शेजारीं जो वैल असतो, तो हेंच करतो: मुख्य चुलींतून निसटणाऱ्या जाळावर आमटीचें भांडें ऊन राहतें. ज्या गृहिणीनें वैल वापरला आहे, तिला या यंत्राचें तत्त्व समजावून देण्याची गरज नाहीं.

सूर्यावर चालणारा हीटर.— छपरावरील काळ्या पट्ट्यांचीं तावदानें किंवा कांचेच्या नळ्यांच्या रांगा आतां खेड्यांतूनही दिसतात. पहिल्या प्रकारास फ्लॅट प्लेट, व दुसऱ्यास इव्हॅक्युएटेड ट्यूब म्हणतात. दुसऱ्यांत कांचेच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते, त्यामुळें आंत आलेली उष्णता सहसा बाहेर जात नाहीं. त्यावर एल. पी. डी. अशीं अक्षरें लिहितात. दिवसाकांठीं किती लिटर पाणी तापेल, त्याचा तो आंकडा. टांकी वर व तावदान खालीं कां बसवितात, हा प्रश्न परीक्षेंत विचारण्याजोगा आहे. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, गार पाणी खालीं उतरतें, आणि पंपावांचून चक्र चालूं राहतें. यास थर्मोसायफन म्हणतात. तलावाकरितां मात्र पाणी फार असल्यामुळें पंप लागतोच.

हीट पंप.— भोरच्या शेतकऱ्यास हें यंत्र समजाविणें फार सोपें आहे. नदीचें पाणी आपोआप माळावर चढत नाहीं. मोटार लावावी लागते. मोटार पाणी निर्माण करीत नाहीं. नदींत असलेलें पाणी उचलून वर नेते, आणि विजेचा खर्च केवळ उचलण्यापुरता होतो. उष्णतेचेंही तसेंच. ती थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे आपोआप कधीं जात नाहीं. पण उचलून नेतां येते. हिंवाळ्यांतील गार हवेंतही पुष्कळ उष्णता असते. हीट पंपाचा पंखा ती हवा नळ्यांच्या एका वेटोळ्यावरून ओढतो. त्या नळ्यांत फार कमी तापमानास उकळणारा एक द्रव असतो. हवेंतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. या भागाचें नांव इव्हॅपोरेटर. कॉम्प्रेसर ती वाफ जोरानें दाबतो, तेव्हां ती अधिक तापते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड कां तापतें, तें येथें आठवावें. ही तप्त वाफ दुसऱ्या वेटोळ्यांतून जातांना आपली उष्णता तलावाच्या पाण्यास देते व स्वतः पुन्हां द्रव होते. तो कंडेन्सर. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नांवाच्या अरुंद वाटेंतून जातांना तिचा दाब उतरतो, आणि तें चक्र पुन्हां सुरू होतें. घरांतील शीतकपाट हेंच काम करतें. तें अन्नांतील उष्णता काढून आपल्या पाठीमागें टाकतें, इतकाच फरक. तलावाच्या पाण्यांतील क्लोरीन तांबें खातें, म्हणून पाण्याकडील नळ्या पुष्कळदां टायटॅनियम धातूच्या करतात.

खर्च केलेल्या विजेच्या किती पट उष्णता पाण्यास मिळाली, हें दाखविणारा जो आंकडा, त्यास सी. ओ. पी. म्हणतात. पाटीवर आउटपुट ३० किलोवॅट व इनपुट ६ किलोवॅट असेल, तर सी. ओ. पी. ५ झाला. यांत जादू नाहीं व निसर्गनियमाचा भंगही नाहीं. पांच भागांपैकीं एक भाग विजेचा, व चार भाग हवेंतून उचललेले. वर सांगितलेला तलाव या यंत्रानें सुमारें साडेचौदा तासांत तापेल, आणि ४३६ युनिटांचें काम ८७ युनिटांत होईल. परंतु पाटीवरील आंकडा उबदार हवेंतील असतो, हें विसरूं नये. नदी आटली म्हणजे मोटारीस अधिक खोलून पाणी उचलावें लागतें, तसें डोंगराखालच्या गार रात्रीं यंत्रास अधिक श्रम पडतात व सी. ओ. पी. उतरतो. म्हणून असें यंत्र दिवसा चालवावें.

येथें आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. हीट पंपाच्या खालीं पाणी ठिबकतें. तें पाहून यंत्र गळतें, असें राखणदारांस वाटे व त्यांची भीति आणखी वाढे. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसेच हवेंतील बाष्पाचे थेंब गार झालेल्या वेटोळ्यावर जमून खालीं पडतात. खात्री करावयाची असेल, तर हीटर बंद करून पाण्याचा पंप तेवढा चालूं ठेवावा. कांहीं वेळानें ठिबकणें थांबलें, तर तें दंव. न थांबलें, तर मात्र गळती.

स्पा, जकूझी, गीझर.— हीं तीन नांवें आज घरोघर झालीं आहेत, परंतु त्यांचीं मूळ गांवें व घरें फार थोड्यांस ठाऊक असतील. स्पा हें बेल्जम देशांतील, औषधी झऱ्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका गांवाचें नांव. गीझर हें आइसलँड बेटावरील उसळणाऱ्या ऊन झऱ्याचें विशेषनाम; त्याचें सामान्यनाम झालें व तें आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर येऊन बसलें. जकूझी हें तर एका कुटुंबाचें आडनांव. इटलींतून अमेरिकेस गेलेले हे बंधु पंप बनवीत असत. त्यांपैकीं एकाच्या लहान मुलास संधिवाताचा विकार जडला. त्याचें अंग ऊन पाण्याच्या धारांनीं शेकतां यावें, म्हणून त्यांनीं घरच्या टबांत ठेवावयाचा एक पंप तयार केला; तो १९५६ सालीं बाजारांत आला. आजच्या चैनीच्या वस्तूच्या मुळाशीं एका बापाची कळकळ आहे, हें वाचून आम्हांस विशेष वाटलें. पाण्याच्या धारेबरोबर हवा सोडणाऱ्या तोंडास जेट म्हणतात, आणि हवा पुरविणाऱ्या पंख्यास ब्लोअर.

परंतु ऊन पाण्यांत बसण्याकरितां परदेशाकडेच पाहावयास हवें, असें नाहीं. भोरहून वरंधा घाट उतरून महाडास गेलें, कीं सावित्री नदीच्या कांठीं सव येथें निसर्गानें तापविलेलें पाणी मिळतें. पालीजवळील उन्हेरें, दापोली तालुक्यांतील उन्हवरें, राजापूरचें उन्हाळें, आणि तानसा नदीकांठचीं वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील कुंडें प्रसिद्धच आहेत. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें, आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. ऊन झऱ्यास मराठींत उन्हाळें असा स्वतंत्र शब्द आहे, व तो या गांवांच्या नांवांत जपला गेला आहे. तसाच आणखी एक गोड शब्द म्हणजे विसण. कढत पाण्यांत जें गार पाणी घालून तें अंगास सोसेलसें करतात, तें विसण. आजच्या न्हाणीघरांतील मिक्सर म्हणजे विसण घालणारी तोटी, याहून दुसरें कांहीं नाहीं.

झांकण.— तलाव तापविणें अर्धें काम. तो तापलेला ठेवणें उरलेलें अर्धें. उघड्या तलावांतील उष्णता मुख्यतः बाष्पीभवनानें जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जातें, तेव्हां तें सुमारें ५८० किलोकॅलरी आपल्याबरोबर नेतें. माठांतील पाणी गार होतें, तें याच कारणानें. माठास जो गुण, तो तलावास दोष. म्हणून रात्रीं तलावावर प्लॅस्टिकचें आच्छादन पसरतात, त्यास पूल कव्हर म्हणतात. बंगल्याच्या मागें असें एक आच्छादन गुंडाळून पडलें होतें. त्याचा उपयोग काय, हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. मात्र आच्छादन अंथरलेल्या तलावाजवळ लहान मुलांस कधींही एकटें सोडूं नये. वरून तें जमिनीसारखें दिसतें, पण भार सोसत नाहीं.

जिवाचा प्रश्न.— एथवर पैशाचा व श्रमाचा विचार झाला. आतां त्याहून महत्त्वाचें सांगावयाचें आहे. गॅस गीझर हें साधन स्वस्त व सोयीचें असल्यामुळें पुष्कळ घरीं आलें आहे, आणि बंद न्हाणीघरांत त्यानें घेतलेल्या बळींच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. कारण असें: वायु जळावयास हवा लागते. दार व खिडकी लावलेल्या लहानशा खोलींत ती लवकर कमी पडते, आणि अपुऱ्या हवेंत जळण अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटावयाचा, त्यास हा वायु दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो व प्राणवायूस जागाच ठेवीत नाहीं. डोकें जड होतें, घेरी येते, पाय लटके पडतात. आणि धोका समजेपर्यंत दारापर्यंत जाण्याचें त्राण राहत नाहीं. म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेंत बसवावा, व ऊन पाणी तेवढें नळानें आंत आणावें. ज्योत निळी असावी; ती पिंवळी दिसूं लागली कीं यंत्र बंद करून कारागिरास बोलवावें. पेटलेला बंब व कोळशाची शेगडी यांचें विषही हेंच. थंडींत दारें लावून शेगडी उशाशीं घेऊन निजूं नये.

विजेच्या साधनांस अर्थिंग, म्हणजे बिघाडाची वीज जमिनींत नेणारी तार, असलीच पाहिजे; आणि गळणारी वीज ओळखून क्षणांत प्रवाह तोडणारें आर. सी. सी. बी. नांवाचें साधन घरांत असावें. बादलींत सोडावयाच्या रॉडचें पाणी तापलें कीं नाहीं, हें पाहण्यास बटण बंद केल्यावांचून व प्लग काढल्यावांचून बोट घालूं नये. आमच्या विद्यार्थ्यांनीं आज घरीं गेल्यावर आपल्या न्हाणीघरांतील साधन या दृष्टीनें एकवार पाहावें, आणि गॅस गीझर आंत असेल, तर हें पान वडिलांस वाचून दाखवावें.

त्या शनिवारीं परत निघण्यापूर्वीं राखणदारांनीं मालकांस फोन लाविला. या वेळीं ते ‘मशीन बंद पडलंया’ असें म्हणाले नाहींत. "साहेब, फिल्टर तुंबला होता. फ्लो कमी झाला म्हणून फ्लो स्विचनं हीटर थांबवला. बॅकवॉश केला, आता चालू हाय. आन् तलाव तापवायचा तर आदल्या दिवशी सांगावं लागंल, आन् रातच्याला कव्हर टाकतो," असें ते सावकाश बोलले. पलीकडे क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग ‘बरं’ एवढेंच उत्तर आलें. महिनाअखेर त्यांस पगार पुरता मिळाला.

त्यांच्या मुलीनें त्या दिवशीं एका वहींत दोन रकाने आंखले होते. डावीकडे यंत्रावरील शब्द, आणि उजवीकडे घरांतील वस्तु: हीट एक्स्चेंजर, बंबाचें नळकांडें, फ्लो स्विच, आजीची टिचकी, बायपास, पाटाचें दार, मिक्सर, विसण. ती वही आतां पंपाच्या खोलींत खुंटीस दोरीनें टांगलेली आहे. तिच्यांत अजून पुष्कळ पानें कोरीं आहेत, आणि नवा शब्द आढळला कीं बापलेक मिळून तो लिहितात. अडलेला शब्द घेऊन ते कधीं कधीं आमच्याकडेही येतात. आणि आतां आम्ही अर्थ सांगण्यापूर्वीं ती वस्तु दिसते कशी, हें त्यांस आधीं विचारतों.